आकड्यामागचा ग्रंथ
हैदराबादच्या प्रयोगशाळा आणि त्यांचे संदर्भग्रंथ

ग्रंथालयाच्या वाटचालीचा आढावा घेताना आपले लक्ष स्वाभाविकपणे ललित वाङ्मयाकडे, नियतकालिकांच्या जुन्या संचांकडे आणि दुर्मिळ पोथ्यांकडे जाते. या आढाव्यातून ग्रंथांचा एक वर्ग नेहमीच निसटतो. त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा वाचक नसतो आणि त्याच्या कर्त्यांची जयंती कोणी साजरी करीत नाही. वैश्लेषिक रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्या प्रयोगपद्धती सांगणारे संदर्भग्रंथ हा तो वर्ग होय. पदार्थात काय आहे आणि किती आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे कशी काढावीत, एवढाच त्यांचा विषय. परंतु वरणात प्रथिने किती, विहिरीच्या पाण्यात क्षार किती, रक्तात साखर किती, हे सांगणारा प्रत्येक आकडा अशाच एखाद्या ग्रंथात दिलेल्या रीतीने काढलेला असतो. आकडा सर्वांना दिसतो. त्यामागचा ग्रंथ फारच थोड्यांना दिसतो.

काचीगुड्याच्या परिसरातील मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. काचीगुड्याचे रेल्वे स्थानक १९१६ सालचे. मनमाडकडून औरंगाबाद, परभणी, नांदेड असा प्रवास करीत येणाऱ्या मीटरगेज गाडीने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या येथे उतरल्या. याच स्थानकावरून सिकंदराबादच्या दिशेने निघाले की विद्यानगरच्या पुढे जामे उस्मानिया हे छोटे स्थानक लागते. त्याच्या आसपास उस्मानिया विद्यापीठ आणि राष्ट्रीय पोषण संस्था या दोन्ही संस्था आहेत. या लहानशा टापूत प्रयोगशाळेच्या संदर्भग्रंथांचा एक मोठा इतिहास घडला असून त्यात मराठी माणसांचाही वाटा आहे.

ग्रंथप्रकाराची घडण

या ग्रंथप्रकाराचा उगम एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत सापडतो. कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस यांचे गुणात्मक विश्लेषणावरील पुस्तक १८४१ साली आणि परिमाणात्मक विश्लेषणावरील पुस्तक १८४६ साली प्रसिद्ध झाले. अज्ञात क्षारातील धातू एकेक करून वेगळे कसे ओळखावेत, याचा ठरावीक क्रम त्यांनी बांधून दिला. हायड्रोजन सल्फाइड वायू सोडावा, साका बसू द्यावा, तो गाळावा, धुवावा आणि पुढच्या पायरीकडे वळावे, हा क्रम भारतातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विसाव्या शतकातही कित्येक दशके चालू होता. त्या सडक्या अंड्यासारख्या वासाची आठवण विज्ञान शाखेच्या जुन्या पदवीधरांना अजून असेल.

पुढे आर्थर व्होगेल यांच्या ग्रंथांनी हे स्थान घेतले. परिमाणात्मक अकार्बनी विश्लेषणावरील त्यांचा ग्रंथ १९३९ सालचा. व्होगेल १९६६ साली निवर्तले. परंतु ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या त्यांच्याच नावाने निघत राहिल्या. भारतीय प्रयोगशाळांत 'व्होगेल पाहा' असे म्हटले की कोणते पुस्तक ते सांगावे लागत नसे.

जीवरसायनशास्त्रात रचना थोडी निराळी झाली. येथे एकेका शोधनिबंधातील पद्धत पुढे ग्रंथांतून सर्वत्र पोहोचली. योहान केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली नायट्रोजन मोजण्याची पद्धत दिली. फिस्के आणि सुब्बाराव यांनी १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची पद्धत दिली, तर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रथिन मोजण्याची. यांतील यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमवरमचे. त्यांचे हे काम अमेरिकेत हार्वर्ड येथे झाले. मॉलिब्डेटशी संयोग होऊन फॉस्फेटापासून निळा रंग तयार होतो आणि त्या निळेपणाच्या गडदपणावरून फॉस्फरसाचे प्रमाण ठरते, हे त्या पद्धतीचे सूत्र. जीवरसायनाच्या प्रयोगपुस्तिकांतून ती पद्धत दीर्घकाळ शिकवली गेली.

अशा ग्रंथातील पान कसे असते, हेही पाहण्यासारखे आहे. आरंभी पद्धतीमागचे तत्त्व दोन-चार ओळींत असते. नंतर विक्रियाकारक कसे तयार करावेत व किती दिवस टिकतात ते येते. मग कृती, मग आकडेमोड आणि शेवटी कोणत्या कारणांनी चूक होऊ शकते याची सूचना. भाषा आज्ञार्थी आणि कोरडी असते. पण एखादा शब्द सैल पडला तर हजार मैलांवरच्या प्रयोगशाळेत आकडा चुकतो.

उस्मानियातील उर्दू पर्व

हैदराबादेत हे शास्त्र प्रथम मोठ्या प्रमाणावर शिकवले गेले ते उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ साली झाली आणि पुढच्याच वर्षी वर्ग सुरू झाले. आधुनिक विज्ञान भारतीय भाषेतून उच्च पातळीवर शिकवण्याचा हा मोठा प्रयोग होता. त्यासाठी १९१७ सालीच 'दारुल तर्जुमा' ही भाषांतरसंस्था उभी करण्यात आली होती. परिभाषा कशी घडवावी या विषयावर वहिदुद्दीन सलीम यांचा 'वज़-ए-इस्तलाहात' हा ग्रंथ १९२१ साली आला. मूलद्रव्याला 'उन्सुर', संयुगाला 'मुरक्कब', विश्लेषणाला 'तजज़िया' असे शब्द रूढ करून रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली गेली.

हैदराबाद संस्थानात मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. त्यांच्या मुलांनी घरी मराठी बोलावे, वाचनालयात मराठी वाचावे आणि प्रयोगशाळेत 'तजज़िया' उर्दूतून करावा, अशी त्या पिढीची स्थिती होती. या धोरणाविषयी मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांच्या मनात असलेली खंत रास्तच होती. स्वभाषेतील शिक्षणासाठी येथील मंडळींनी शाळा, वाचनालये व परिषदा स्थापन केल्या त्या याच जाणिवेतून. मात्र त्याच प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली, हेही मान्य केले पाहिजे. भारतीय भाषेत रसायनशास्त्र शिकवता येते, परीक्षा घेता येतात, पदवीधर तयार करता येतात, हे उस्मानियाने दाखवून दिले. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतर विद्यापीठात इंग्रजी माध्यम आले आणि ती उर्दू पुस्तके हळूहळू वर्गातून बाहेर पडली. तीन दशके ज्या शब्दांवर एक अख्खे विद्यापीठ चालले, ते शब्द आज ग्रंथालयांच्या कपाटांतच शोधावे लागतात.

मराठीतील प्रयत्न

मराठीत हा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात विज्ञान शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रासह अनेक विज्ञानविषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले. पुढे १९२८ साली पुण्याहून 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी पातळीवरील विज्ञानग्रंथ काढले. १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. अनुमापन, दर्शक, विद्राव, विक्रियाकारक, वर्णलेखन, चंचुपात्र हे शब्द या प्रयत्नांतून आज आपल्यापुढे आहेत.

परंतु शब्द असणे आणि त्या शब्दांनी प्रयोगशाळेत काम होणे यांत अंतर राहिले. मराठी मातृभाषा असलेल्या वैश्लेषिक रसायनशास्त्रज्ञांनीही आपले संदर्भग्रंथ इंग्रजीतच लिहिले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील श्रीपाद मोरेश्वर खोपकर यांचा वैश्लेषिक रसायनशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांवरील ग्रंथ १९८४ साली आला आणि भारतभरच्या विद्यार्थ्यांनी तो वापरला. धातूंच्या विद्रावक निष्कर्षणावर डे, खोपकर आणि चामर्स या तिघांचा ग्रंथ १९७० सालचा. देशभरच्या प्रयोगशाळांसाठी लिहायचे तर इंग्रजीला पर्याय नव्हता, हे खरे; म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. तथापि विश्वकोशातील नोंद वाचून वाचकाला विश्लेषण म्हणजे काय ते कळते, आणि प्रत्यक्ष विश्लेषण करायचे तर इंग्रजी पुस्तक उघडावे लागते, ही स्थिती कायम राहिली.

कुन्नूरहून हैदराबादेस

आता पुन्हा जामे उस्मानियाकडे वळू. राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम हैदराबादेत नाही. निलगिरीतील कुन्नूर येथे पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली बेरीबेरीच्या चौकशीचे काम सुरू केले. त्यातून पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची तक्त्यांसहित पुस्तिका १९३७ साली तेथूनच निघाली. संचालक डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी तयार केलेली ही पुस्तिका 'हेल्थ बुलेटिन क्रमांक २३' या नावाने ओळखली जाई.

कुन्नूरच्या या प्रयोगशाळेत एका मराठी विदुषीने काम केले. त्या म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना सर सी. व्ही. रामन यांच्याशी झगडावे लागले. स्त्री असणे हेच नकाराचे कारण होते. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या, पुढे कुन्नूरला सहायक संचालक झाल्या, आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी डाळी, नीरा आणि ताडगूळ यांवर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतले. गरिबाच्या अन्नात नेमके काय आहे, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर आणला. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत त्या सक्रिय राहिल्या आणि अन्नातील भेसळीविषयी सामान्य वाचकांसाठीही लिहीत राहिल्या.

कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली, तेव्हा तिचे संचालक व्ही. एन. पटवर्धन होते. भारतातील पोषणविचाराचा आढावा घेणारा त्यांचा 'न्यूट्रिशन इन इंडिया' हा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला होता. पटवर्धनांनंतर सी. गोपालन संचालक झाले आणि १९६९ साली, पन्नास वर्षे पूर्ण झाल्यानंतर, संस्थेला आजचे नाव मिळाले. १९७१ साली गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचा नवा ग्रंथ तयार केला. आहारतज्ज्ञ, गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी, रुग्णालये आणि शासकीय योजना यांचा हिशेब पुढील चार दशके या ग्रंथावर चालला.

त्याच्या शेजारचा, पण कमी प्रसिद्ध असा दुसरा ग्रंथ म्हणजे याच संस्थेने १९८३ साली काढलेला 'अ मॅन्युअल ऑफ लॅबोरेटरी टेक्निक्स'. रघुरामुलू, माधवन नायर आणि कल्याणसुंदरम् यांनी संपादिलेल्या या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती २००३ साली निघाली. पहिला ग्रंथ आकडे देतो. आकडे कसे काढावेत ते दुसरा सांगतो. भारतातील पोषणविषयक शोधनिबंधांत संदर्भ म्हणून या पुस्तिकेचे नाव वारंवार आढळते.

तुरीच्या डाळीची साक्ष

या दोन्ही प्रकारचे ग्रंथ एकत्र का ठेवले पाहिजेत, हे आपल्या रोजच्या तुरीच्या डाळीवरून समजते. १९७१ च्या तक्त्यात शंभर ग्रॅम तूरडाळीत तंतू दीड ग्रॅम दिलेले आहेत. याच संस्थेने २०१७ साली देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत तूरडाळीतील तंतू सुमारे नऊ ग्रॅम आहेत. दीडाचे नऊ झाले. म्हणजे साडेचार दशकांत डाळ सहापट तंतुमय झाली काय?

डाळ होती तशीच आहे. बदलली ती मोजण्याची पद्धत. जुन्या तक्त्यातील तंतू म्हणजे 'कच्चे तंतू'. ही पद्धत १८६० च्या दशकात जर्मनीतील वेंडे येथील कृषिकेंद्रात जनावरांच्या वैरणीसाठी ठरली. पदार्थ आधी सौम्य अम्लात आणि मग सौम्य अल्कलीत उकळायचा, आणि जे उरेल ते तंतू मानायचे. या उकळण्यात माणसाच्या आतड्यात न पचणारा पुष्कळसा भागही विरघळून जातो. नव्या पद्धतीत उकळत्या अम्ल-अल्कलीऐवजी एंझाइमांनी स्टार्च आणि प्रथिने पचवून काढतात आणि मागे राहिलेले 'आहारतंतू' तोलतात. म्हणून दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पद्धत सांगणारे पान हरवले तर त्यांतील एक खोटा ठरवण्याची पाळी येते.

प्रथिनांचेही तसेच. केल्डालच्या पद्धतीत पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळून त्यातील नायट्रोजनाचे अमोनियम क्षारात रूपांतर करतात, अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने वेगळा काढतात आणि अनुमापनाने मोजतात. प्रत्यक्षात मोजला जातो तो नायट्रोजन. प्रथिनात तो सुमारे सोळा टक्के असतो असे धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. परंतु सर्व प्रथिने सारखी नसतात, गव्हासाठी ५.७०, तांदळासाठी ५.९५ आणि दुधासाठी ६.३८ असे गुणक पुढे ठरवण्यात आले. शंभर ग्रॅम कणकेत १.६ ग्रॅम नायट्रोजन सापडला, तर ६.२५ ने गुणल्यास प्रथिने दहा ग्रॅम होतात, ५.७० ने गुणल्यास ९.१२. ज्या घराला पोळीचाच आधार आहे, त्याच्या आहाराचा हिशेब करताना हा फरक लहान नाही.

लाखेची डाळ

मोजण्याच्या पद्धतीवर माणसाचे पाय अवलंबून असतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण विदर्भातील लाखेच्या डाळीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. लाख किंवा लाखोळी हे दुष्काळातही तग धरणारे पीक. मध्य भारतात मजुरांना मजुरी म्हणूनही ही डाळ मिळत असे. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली तर काही जणांचे पाय कायमचे लुळे पडतात. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांन्वये तिच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. तिच्यातील विषारी द्रव्य मात्र तेव्हा वेगळे काढले गेलेले नव्हते. ते १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, आडिगा आणि सरमा यांनी वेगळे काढले आणि त्याची रचना निश्चित केली.

द्रव्य सापडले, पण कोणत्या वाणात ते किती आहे हे सांगण्यासाठी साधी, खात्रीची पद्धत हवी होती. हेच राव पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात आले आणि १९७८ साली त्यांनी रंगमापनाची पद्धत प्रसिद्ध केली. डाळीचा अर्क अल्कलीत तापवायचा, त्यातून सुटलेल्या ॲमिनो अम्लाची ऑर्थोथॅल्डिहाइडशी विक्रिया होऊ द्यायची आणि येणारा पिवळा रंग मोजायचा. या पद्धतीमुळे कमी विषाची वाणे निवडण्याचे काम कृषिसंशोधकांच्या आवाक्यात आले. बंदी असावी की उठावी, हा वाद महाराष्ट्रात पुढेही चालला. त्यात कोणी कोणतीही बाजू घेवो, त्याला 'किती' या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर देणाऱ्या पद्धतींपैकी ही एक काचीगुड्यापासून हाकेच्या अंतरावर तयार झाली.

१९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन सुमारे चारशे आदिवासी आजारी पडले आणि १०६ जण दगावले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन मोजून कारण दाखवून दिले. तेथेही निर्णय प्रयोगशाळेच्या पद्धतीनेच दिला.

ग्रंथालयाचे कर्तव्य

या साऱ्या इतिहासाचा मराठी ग्रंथालयाशी काय संबंध, असा प्रश्न सभासदांच्या मनात येईल. संबंध निर्लेखनाच्या यादीशी आहे. विज्ञानाचे पुस्तक जुने झाले की ते निरुपयोगी झाले, असा समज सर्वत्र आहे आणि जागेची अडचण असलेल्या ग्रंथालयात सर्वांत आधी कात्री लागते ती याच कपाटाला. कादंबरीची जुनी आवृत्ती दुर्मिळ म्हणून जपली जाते. प्रयोगपुस्तिकेची जुनी आवृत्ती रद्दीत जाते. वर्गीकरणातही या शास्त्राची अशीच उलथापालथ झाली आहे. ड्यूई पद्धतीत पूर्वी गुणात्मक विश्लेषण ५४४ आणि परिमाणात्मक विश्लेषण ५४५ या क्रमांकांखाली असे. २००३ सालच्या बाविसाव्या आवृत्तीत ते दोन्ही क्रमांक रिकामे करून सारे ५४३ खाली आणले गेले. जुन्या क्रमांकाची पुस्तके मग बेवारशी दिसू लागतात आणि यादीत सहज शिरतात.

वास्तविक नवी पद्धत आली की जुनी पुस्तिका टाकाऊ होत नाही. ती जुन्या आकड्यांची किल्ली होते. १९३७ आणि १९७१ चे तक्ते आज वाचायचे असतील तर त्या काळी तंतू, प्रथिने आणि जीवनसत्त्वे कशी मोजत, हे सांगणारी पुस्तके शेजारी हवीत. त्यांच्यावाचून आपल्या आजोबा-पणजोबांच्या ताटात काय होते, हे इतिहासकाराला सांगता येणार नाही. उस्मानियाच्या उर्दू पाठ्यपुस्तकांनाही हेच लागू आहे. ती आज कोणी शिकवणार नाही; परंतु मराठवाड्यातील एका पिढीने विज्ञान कोणत्या शब्दांत शिकले, याचा पुरावा तीच आहेत.

मोठ्या संशोधनसंस्थांची स्वतःची समृद्ध ग्रंथालये शहरात आहेत आणि त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे मराठी ग्रंथालयाला प्रयोजन नाही. मात्र तीन गोष्टी त्याच्या आवाक्यातल्या आहेत. मराठी परिभाषा कोश, विश्वकोशाचे खंड आणि ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तके यांचा संच शक्य तितका पूर्ण करून एकत्र ठेवावा. त्यांच्या शेजारी १९७१ आणि २०१७ चे पोषणमूल्यांचे तक्ते आणि हैदराबादचीच १९८३ ची प्रयोगपुस्तिका असावी. आणि सेवानिवृत्त शिक्षक, तंत्रज्ञ व औषधनिर्माते यांच्या घरी माळ्यावर पडलेल्या जुन्या प्रयोगपुस्तिका देणगी म्हणून आल्या, तर समासातील टिपांसह त्या स्वीकाराव्यात. छापील पुस्तकात नसलेले पुष्कळ ज्ञान या समासांत लिहिलेले असते. एखादा विद्राव किती दिवसांत बिघडतो, कोणत्या पायरीवर हात थांबवायचा, हे तेथेच सापडते, आणि हैदराबादेतील मराठी माणसाच्या प्रयोगशाळेतील टिपा मराठीत असण्याचा संभव सर्वांत अधिक आहे. प्रयोगशाळेच्या टेबलावरील मराठी अद्याप ग्रंथरूपाने नीटशी आलेली नाही. ती आलीच, तर तिची पहिली सामग्री या समासांतूनच मिळेल.